डोळ्यांखालचं काळं

मंगळवार, ता. ४

सगळ्यात आधी टपकली ती खालची शिंपीणबाई. पाहुणे यायचे होते चारला, ही तीनलाच दारात, गळ्यात टेप. म्हणे, "मावशी, मोठी माणसं येणार आहेत ना, म्हटलं पडदा जरा सरळ करून द्यावा." पडदा सरळच होता. तिला बसायचं होतं, दुसरं काय. बसली. बिस्किटांची बशी झाकलेली होती, ती उघडून किती आहेत ते बघितलं आणि परत झाकली. मी काही बोलले नाही, आनंदाच्या दिवशी कशाला.

मग आले दाढीवाले मास्तर आणि त्यांच्याबरोबर चष्म्याच्या बाई. मोठ्या चित्रशाळेतली माणसं, पण साधी. कोणी इकडेतिकडे बघितलं नाही, घर लहान आहे असं तोंडावर दिसू दिलं नाही. सरळ चित्रासमोर जाऊन उभे राहिले आणि जे गप्प झाले ते गप्पच. मला वाटलं, काहीतरी चुकलं. मी विचारलं, चहा टाकू का, तर मास्तरांनी नुसता हात वर केला, थांबा म्हणून. शिंपीणबाईसुद्धा गप्प बसली, हे मी वीस वर्षांत पहिल्यांदा बघितलं.

सुतळी, वाचतेयस ना? नऊ वर्षांनी पत्र आलं म्हणून फाडून टाकू नकोस. कोणाचं आहे ते अक्षरावरून कळलंच असेल. माझं अक्षर तिसरीच्या पुढे गेलं नाही आणि मीही नाही. पत्ता मला कसा माहीत ते विचारू नकोस. माहीत आहे झालं. आणि अजून तुला सुतळी म्हणते याचाही राग मानू नकोस. आता तू तेवढी बारीक आहेस की जाड झालीस, मला काय कळणार.

तर चित्र. आमची पोर काढते चित्रं. तिला आता सगळे खार म्हणतात, पेन्सिली कुरतडते म्हणून. नुसत्या पेन्सिलीने काढते, रंग नाही, काही नाही, आणि जे समोर असेल तेच काढते. हे चित्र उशीच्या दोन अभ्र्यांएवढं आहे. एक बाई बाकावर बसलीय, कोपरं गुडघ्यांवर, हात पुढे लोंबतायत, मान खाली. एका पायातला बूट काढून बाजूला ठेवलाय. एवढंच. पण नखं बघावीत, कापडाची घडी बघावी, बोटाला पाण्याने पडलेल्या चिरा बघाव्यात. माणूस आता उसासा टाकेल असं वाटतं.

आणि ती बाई मी आहे. शिंपीणबाई म्हणाली, "मावशी, हुबेहूब तुम्ही." खांदे माझे, भांग माझा, हात तर माझेच. खारीने मला कधी बसवून काढलं नाही, पण मी दुपारी डुलक्या काढते तेव्हा बघत असेल. बूट तेवढे माझे नाहीत, असे बूट मी जन्मात घातले नाहीत. म्हटलं, चला, चित्रात तरी मिळाले.

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. आपलं तोंड कोणी एवढं निरखून बघेल असं कधी वाटलं नव्हतं. आता गंमत ऐक. त्या शाळेत एकच जागा उरलीय आणि ती या चित्रावर ठरायची आहे. चौदा तारखेला, शुक्रवारी, मास्तरांचे वरचे साहेब स्वतः बघायला येणार. शाळा नेमकी तुझ्या गावात आहे. पण पोर तिकडे राहणार नाही, रोज बसने जाऊन येऊन करेल. सकाळची बस सहा पन्नासची, मी विचारून ठेवलंय.

एकच खटकलं मला. तोंड फार रडकं केलंय. मी कधी रडकी असते का? डोळ्यांखाली तर एवढं काळं भरलंय की धुराड्यात तोंड घातल्यासारखं. खारीला म्हटलं तर ती नुसती बघत राहिली. लहान आहे, हात घसरला असेल. मी एकतीस वर्षं दवाखान्याच्या लॉन्ड्रीत डागाच्या टेबलावर काढली, रक्त, औषध, शाई, पेन्सिल, सगळं काढलं. साहेब यायच्या आधी हेही काढून टाकीन. तिला कळणारसुद्धा नाही.

उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही. मागे तू कधी पाठवलं असशील नसशील, पोस्टाचं काही खरं नसतं.

आई


शुक्रवार, ता. ७

काढलं बाई.

काल सकाळी, पोर चित्रांच्या वर्गाला गेली तेव्हा. कसं काढलं ते तुला सांगते, कारण दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं उरलं नाही. पेन्सिलीच्या डागाला पाणी लावायचं नसतं, रबर तर मुळीच नाही, रबराने सूत उपटतं. ताज्या पावाचा आतला मऊ भाग घ्यायचा, वाटाण्याएवढी गोळी करायची, दाबायची आणि उचलायची. घासायचं नाही. गोळी काळी झाली की टाकायची, दुसरी घ्यायची. आमच्याकडे मोठ्या डॉक्टरांच्या कोटाच्या बाह्या मी अशाच करायचे. दीड तास लागला. अख्खा पाव संपला. कागदावर ओरखडा म्हणून नाही.

तोंड दहा वर्षांनी लहान झालं. शिंपीणबाईला वर बोलावून दाखवलं. ती बघत राहिली आणि म्हणाली, "मावशी, आता तुम्ही जेवून उठल्यासारख्या दिसता." मी म्हटलं, मग वाईट काय त्यात.

खार संध्याकाळी आली. पिशवी अजून खांद्यालाच होती.

"हे कोणी केलं?"

"मी. डाग होता तिथे."

तिने पिशवी खाली ठेवली. मोरीत जाऊन हात धुतले, पुष्कळ वेळ धुतले. मग येऊन माझ्यासमोर जमिनीवर बसली. ती ओरडली असती तर मी ओरडून उत्तर दिलं असतं, त्याची मला सवय आहे. ती हळू म्हणाली, "आजी, ती तू नाहीस."

"मग कोण, शिंपीणबाई?"

"आई आहे."

मी चहा टाकायला उठले. सुचेना म्हणून उठले, खरं तेच लिहिते. दूध नव्हतं हे मला आठवलं नाही. पाणी आटून भांडं करपलं तेव्हा तिनेच गॅस बंद केला.

मग तिने सांगितलं. त्यांच्या वर्गाला म्हाताऱ्यांचे चेहरे काढायला तुमच्या वृद्धाश्रमात नेलं होतं. सगळ्यांनी म्हातारे काढले. ही कोपऱ्यात बाकावर बसलेली कामवाली बाई काढत बसली, पाळी संपवून टेकलेली. अर्धं झाल्यावर त्या बाईने मान वर केली आणि हिला हाक मारली, लहानपणीच्या नावाने. ते नाव आता या घरात कोणी घेत नाही. तेव्हापासून सात शनिवार झाले. मला सांगून जायची, जादा वर्ग आहे. मी डबा भरून द्यायचे, वर्गाला मुलीला भूक लागते म्हणून दोन माणसांचा. त्यातला अर्धा तू खायचीस म्हणे. मी विचारलं, मीठ जास्त व्हायचं का. तर म्हणाली, "आई म्हणते, चव तीच आहे."

म्हणजे माझ्या हातचं तू सात शनिवार खाल्लंस आणि मला पत्ता नाही. असू दे.

मी म्हटलं, चूक झाली, मग भर पुन्हा ते काळं, पेन्सिली काय थोड्या आहेत का तुझ्याकडे. तेव्हा पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "आठवून काढलं तर ते माझ्या मनातलं होईल, तिचं नाही होणार. मी समोर बघितल्याशिवाय काढत नाही." आणि चित्र तिकडे न्यायचीही सोय नाही. ते फळीला चिकटवलेलं आहे, बसच्या गर्दीत पुसलं जाईल. इकडे आणलं ते तिच्या वर्गाच्या मास्तरांनी स्वतःच्या गाडीत आडवं ठेवून आणलं. आता त्यांना काय तोंडाने सांगायचं, की आजीने पावाने पुसलं?

मी म्हटलं, मग आईलाच बोलाव इकडे.

"बोलावलं होतं मागे. या घरात येणार नाही म्हणाली. आजीने स्वतः बोलावलं तर बघू म्हणाली."

तर असं आहे. आज सात तारीख. चौदाला साहेब येणार. मी तुला काय घडलं ते कळवलं. तू शहाणी आहेस, काय ते समजून घे. इकडे उकाडा फार आहे, माझा उजवा गुडघा बरा आहे.

आई


सोमवार, ता. १०

समजून घे असं लिहून भागलं असतं तर माणसं बोलतच कशाला बसली असती. तुझं उत्तर नाही, ते बरोबरच आहे. बोलावणं मी केलंच नव्हतं, नुसता गुडघा कळवला.

परवा शनिवारी खार तुझ्याकडून आली तेव्हा तिला जेवायला वाढताना मी सहज विचारलं, आईशी काय काय बोलतेस. ती म्हणाली, "पहिल्याच दिवशी एक विचारलं होतं. मला न्यायला का आली नाहीस म्हणून."

माझ्या हातात पातेलं होतं. ते मी खाली ठेवलं.

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, जमलं नाही."

बास. जमलं नाही. सात शनिवार पोर तुझ्यासमोर बसत होती आणि तू तेवढंच म्हणालीस. मला उघडं पाडायला तुला एक वाक्य पुरलं असतं. त्या रात्रीपासून मी जेवते आहे, झोपते आहे, शिंपीणबाईशी भांडतेही आहे, पण आतून काहीतरी बसलंय ते उठत नाही. म्हणून आता जे लिहिते ते तुला ठाऊक आहे, तरी लिहिते. मी एकदा तरी माझ्या हाताने लिहायला पाहिजे.

तू आली होतीस. सहा महिन्यांत नेते म्हणाली होतीस, आठ महिन्यांनी आलीस, उन्हातून, दुपारची. पोर शाळेत होती. मी दाराची साखळी काढली नाही. फटीतून तुझं अर्धं तोंड दिसत होतं. मी म्हटलं, ती येणार नाही म्हणते, तिला तुझं तोंड बघायचं नाही. दहा वर्षांची पोर असं कधी म्हणाली नव्हती. ती रोज संध्याकाळी विचारायची, आई कधी येणार. त्या दिवशीही विचारलं. मी म्हटलं, येईल तेव्हा येईल.

आणि पत्रं. पोस्टाचा काही दोष नाही, पोस्ट चोख आहे. तुझी चौदा पत्रं आली. प्रत्येकावर मी लिहिलं, पत्त्यावर राहत नाही, आणि परत पाठवलं. हे तीन शब्द मी एवढे घोटले की आजही माझ्या हातून सगळ्यात सुबक तेच निघतात. आधीचा पोस्टमन चांगला होता. तो एकदा म्हणाला, "मावशी, राहत नाही काय, आत्ता तर ती जिन्यात खेळत होती." मी म्हटलं, तुम्ही पत्रं वाटा, माणसं मोजू नका. पुढे तो माझ्याशी बोलेनासा झाला. तुझा पत्ता मला त्या पाकिटांवरून पाठ झालाय.

का केलं? तुझ्याबद्दल मी लोकांना पुष्कळ कारणं सांगितली. नवऱ्याने टाकलेली बाई, एकटीने परगावी, कुठे राहणार, पोरीचं काय करणार. ती सगळी लोकांसाठी होती. खरं असं की त्याच महिन्यात मी लॉन्ड्रीतून रिटायर झाले. एकतीस वर्षं सकाळी उठले की हाताला काम होतं. मग एक दिवस उठले आणि नव्हतं. पोरीची वेणी होती, डबा होता, गणवेश होता. तो गणवेश मी रोज धुवायचे, मळला नसला तरी. ती गेली असती तर मी काय केलं असतं? तू तरुण होतीस, तुझं होईल काहीतरी, असं मनाशी म्हटलं. तुझं काय झालं ते आता चित्रात बघितलं, आणि बघून काय केलं तर पुसलं.

शिंपीणबाई विचारत होती, तुमची मुलगी काय काम करते. मी सांगितलं. दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आयांना उचलते, बसवते, धुते. तिने मशीन थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं, मग परत चालू केलं.

तर मी तुला बोलावते. सुतळी, बुधवारी, बारा तारखेला, ये. दहा ते दोन मी घरात नसेन, लांब जाईन, तुला माझं तोंड बघावं लागणार नाही. पोरीसमोर बस. तिची जागा जायला नको. पाप माझं आहे, तिने भरू नये.

तिला अजून सांगितलेलं नाही. सांगणार आहे. जीभ उचलत नाही, ही तुला नवलाची गोष्ट वाटेल.

आई


गुरुवार, ता. १३

आलीस.

लांब जाईन म्हटलं होतं, गेले नाही. शिंपीणबाईच्या दुकानात पडद्यामागे, कापडाच्या गठ्ठ्यावर बसले होते, साडेनऊपासून. आता हेही सांगून टाकते, नाहीतर पुन्हा एक साठेल. तुला बघितलं नाही. जिन्यावर पाय वाजले तेव्हा कळलं. तू लहानपणी दोन दोन पायऱ्या उड्या मारत चढायचीस, शेजारचे ओरडायचे. काल तू चौथ्या पायरीवर थांबलीस. मग आठव्या. मग बराच वेळ काही वाजलं नाही, आणि मला वाटलं, परत चाललीस. तेव्हा शिंपीणबाईने माझा हात धरला, बाई चांगली आहे, मी तिला उगाच नावं ठेवते. मग वर दार वाजलं.

ती म्हणाली, "मावशी, जा की वर."

"शब्द दिलाय."

"कोणाला? पत्राला?"

मी तिथेच बसले. तिने मला शर्टांना बटणं लावायला दिली. चार तासांत बावीस लावली, त्यातली सहा उलट्या बाजूला. ती काढून परत लावायला लागतील.

तू गेल्यावर वर आले. तुझी कपबशी धुऊन पालथी घातलेली होती. पाहुण्याने धुवायची नसते, पण तू पाहुणी आहेस की काय आहेस हे मला ठरवता आलं नाही. खार फळीसमोर उभी होती, बोटं काळी.

"बोलली काही?" मी विचारलं.

"वीस मिनिटं बोलली. मग बसल्या बसल्या झोप लागली तिला. रात्रपाळी करून सरळ बसने आली होती. मी उठवलं नाही. झोपेतच काढलं."

मग तिने मला चित्र दाखवलं. मी आपली समजूत करून बसले होते की मी पुसलं तेवढंच ती परत भरेल. तसं नाही. आता जास्त आहे. आधी डोळ्यांखाली होतं, आता गालाच्या हाडापर्यंत उतरलंय, तोंडाच्या कडेला दोन रेघा आहेत त्या आधी नव्हत्या किंवा मी बघितल्या नव्हत्या. मी खुर्ची ओढून तासभर समोर बसले. टेबलावर चादर आली की आम्ही आधी ओळखायचो, डाग कशाचा आहे, किती दिवसांचा आहे, मगच हात लावायचा. त्या दिवशी मी ओळखायच्या आधीच पाव आणला. काल नीट बघितलं. नऊ वर्षांचा आहे.

तिथेच बसून तिला सांगितलं. साखळी, चौदा पत्रं, तुझं तोंड बघायचं नाही हे तिच्या नावावर खपवलेलं, सगळं. ती चाकूने पेन्सिली तासत होती. तासतच राहिली. अकरा पेन्सिली तासल्या, टोकं एका बाजूला करून ओळीने ठेवल्या.

"पत्रात काय होतं?"

"मला माहीत नाही. एकही उघडलं नाही."

"वाचून तरी परत पाठवायचंस."

"वाचलं असतं तर पाठवता आलं नसतं."

ती म्हणाली, "मी नऊ वर्षं तिच्यावर चिडून होते, आजी. तुझ्यावर चिडायचं ते तिच्यावर चिडले." आणि उठून अंथरूण घातलं, माझंही घातलं, रोजच्यासारखं. माझ्याकडे बघितलं नाही. आज सकाळपासून कामापुरतं बोलते.

उद्या साहेब येणार. काय ठरेल ते कळवीन.

आई


मंगळवार, ता. २५

चौदाला काय झालं ते खारीने तुला त्याच दिवशी फोनवर सांगितलं, आणि पुढचं सगळं तुझ्या डोळ्यांसमोर झालं. तरी मी माझ्या बाजूने लिहिते. तुझ्यापर्यंत सगळं आलं नसेल.

साहेब म्हणजे मला वाटलं होतं कोणी उंचपुरे असतील. छोटेसे निघाले, कानावर केस. पंचवीस मिनिटं बघितलं. एकदा जवळून, एकदा दारात जाऊन, एकदा वाकून. मग डोळ्यांपाशी बोट नेलं, न लावता, आणि म्हणाले, "इथे कागद पुसलेला दिसतो. कोणी तरी फार जपून पुसलाय." मास्तर तिच्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मी पुसला साहेब. मला वाटलं, मी आहे."

"आणि आता कोण आहे?"

"माझी मुलगी."

त्यांनी मान हलवली. जागा तिला दिली. चष्म्याच्या बाईंनी चहा मागून घेतला, शिंपीणबाईने उरलेली बिस्किटं संपवली आणि बातमी सगळ्या गल्लीत पोचवली, माझे पाय वाचले. मी इतकी हसले त्या दिवशी की गाल दुखले. खरंच हसले.

सहा पन्नासच्या बसचं मीच काढलं त्या संध्याकाळी. म्हटलं, रोज पाच वाजता उठायला लागेल, डबा साडेपाचला. ती म्हणाली, "आजी, मी आईकडे राहणार आहे." मला वाटत होतं, निदान थोडं घुटमळेल, आजीचं कसं होईल म्हणेल. म्हणाली नाही. मग मीही कशाला घुटमळू. म्हटलं, बरोबर आहे, शाळा तिथेच आहे, आणि तू तिचीच आहेस. हे तिला म्हणायला मला नऊ वर्षं लागली, आणि म्हणताना आवाज नीट आला.

सामान मी भरलं. चार दिवस पुरवून पुरवून भरलं. गणवेश सापडला एक, चौथीतला. तो दिला नाही, ठेवून घेतला, एवढा हक्क सांगते.

जायच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी तिला म्हटलं, आता जाताना एकदा मला काढ. खरोखरची मी. मी खुर्चीत बसलेसुद्धा, केस नीट करून. हसू नये म्हणून तोंड घट्ट धरलं होतं. तिने फळी घेतली, कागद लावला, पेन्सिल घेतली. माझ्या तोंडाकडे बघायला लागली, आणि बघता बघता नजर खाली गेली. असं तीनदा झालं. मग तिने पेन्सिल ठेवली.

"अजून नाही आजी. अजून तुझ्याकडे बघता येत नाही."

"बरं," मी म्हटलं.

"आलं की काढीन."

मी खुर्ची जागेवर ठेवली. ती रडत होती बहुतेक, मी मागे वळून बघितलं नाही. तिला बघता येत नाही तर मीही बघू नये.

रविवारी तू तिला न्यायला आलीस तेव्हा वर यायला नको म्हणालीस, खालीच उभी राहिलीस. मी पिशवी घेऊन उतरले. तू म्हणालीस, "दे इकडे, तुझा गुडघा." एवढंच म्हणालीस आणि पिशवी घेतलीस. मी तुझं तोंड जवळून बघितलं. खारीने काही वाढवून काढलेलं नाही. मला काय काय बोलायचं होतं. पण शिंपीणबाई दारात उभी, रिक्षावाला ओरडतोय, आणि मला सुचलं ते हे की, बुटांचं माप काय तुझं. तू सांगितलंस, पाच. मी म्हटलं, बरं. आता कळत नाही मी ते का विचारलं.

तुम्ही गेल्यापासून रोज सकाळी पाचला जाग येते. डबा नाही. शिंपीणबाईने शर्टांचा गठ्ठा वर आणून टाकलाय, म्हणे, "बटणं नीट लावा या वेळी, बाजू बघून." लावते. काल तिने विचारलं, मावशी, घर खायला उठत असेल ना. मी म्हटलं, छे ग, मोकळं वाटतं. ती म्हणाली, हो का, आणि दुपारी मशीन सोडून माझ्याकडे येऊन बसली. दोघी काही बोललो नाही. तेही तिच्या बाबतीत दुसऱ्यांदाच.

रिक्षात बसल्यावर खार म्हणाली होती, पुढच्या रविवारी येऊ. मी तुझ्याकडे बघितलं. तू नाही म्हणाली नाहीस, हो म्हणालीस की नाही ते रिक्षा सुरू झाल्यामुळे ऐकू आलं नाही. मी हो धरलंय.

म्हणजे तीस तारीख. दोघी, अकराच्या बसने.

आई